मिस्त्रींचं टॅल्बर

मिस्त्री यंत्राकडे बघत नसत, यंत्राला कान देत. तुमसरच्या राइस मिलमध्ये एखादा पॉलिशर कुरकुरायला लागला की तरुण फिटर पाने-पेचकस घेऊन धावत, आणि मिस्त्री मागून खांद्यावरचा दुपट्टा सावरत सावकाश येत. हातात सागाची हातभर काठी. काठीचं एक टोक चालत्या यंत्राच्या अंगावर टेकवायचं, दुसरं आपल्या कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटून घ्यायचे. मग म्हणत, "खालच्या अंगाचं बेअरिंग आहे. आजचा दिवस काढन, उद्याचा नाही." दुसऱ्या दिवशी नेमकं तेच बेअरिंग जाई. त्यांचं खरं नाव मालकापासून हमालापर्यंत कोणी घेत नसे. मीही अकरा वर्षं समोर राहून कधी घेतलं नाही.

मी मूळचा अड्याळचा. तुमसरच्या शाळेत भूगोल शिकवायची नोकरी लागली तेव्हा मिस्त्रींच्या समोरच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. शाळेत नद्या, डोंगर, पर्जन्यमान सांगून मी स्वतःला त्या विषयातला जाणकार समजत असे. पण आमच्या गल्लीत खरा भूगोल एकाच माणसाला येत होता, आणि तोही एकाच गावाचा. ते गाव होतं अमेरिकेत, आर्कान्सा राज्यात, नदीकाठी. नाव टॅल्बर. मिस्त्रींनी ते कधी पाहिलं नव्हतं. मिस्त्री जाऊनही आता दोन वर्षं झाली, आणि पुढे कधीही पाहणार नाहीत.

टॅल्बर आमच्या गल्लीत आलं ते प्रज्ञामुळे. प्रज्ञा ही मिस्त्रींची एकुलती एक लेक. लहानपणी बापाच्या मागे मिलमध्ये जाऊन बसे आणि मूठभर तांदळातली कणी वेचून वेगळी करे. मोठेपणी धान्यावरचंच शिकली, आधी नागपूरला, मग अमेरिकेत, आणि नोकरीही लागली टॅल्बरच्या राइस मिलमध्ये, तांदळाची प्रत तपासायची. मिस्त्रींना याचं फार आश्चर्य वाटलं. "पोट्टी जगाच्या त्या टोकाले गेली," ते मला म्हणाले, "आणि तिथं जाऊन पुन्हा धानातच पडली."

दर सकाळी सातला, कामावर जाण्याआधी, ते अंगणात खाट टाकून तिच्याशी बोलत. तिकडे तेव्हा आदल्या दिवसाचे साडेआठ वाजलेले असत, तिची जेवणाची वेळ. फोनचा आवाज मोठा असे, म्हणून माझा चहा आणि टॅल्बरच्या बातम्या रोज बरोबरच होत. जेवलीस का, थंडी आहे का, हे प्रश्न काकूंचे, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोचे. मिस्त्रींचे प्रश्न वेगळे. गावाले पाणी कुठून येते? बांध्या केवढ्या? रोवणी कोण करते? प्रज्ञाने सांगितलं की तिथली एकेक बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, आपल्या गावाकडच्या एकोडीच्या अर्ध्या शिवाराएवढी, आणि रोपं उपटून लावायची रोवणी नसतेच, विमानातून बी पेरतात. मिस्त्री खाटेवर सरसावून बसले. मग म्हणाले, "मंग रोवण्याचे गाणे कोण म्हणत असन?" प्रज्ञा हसली. मिस्त्री हसले नव्हते. त्यांना खरंच ते जाणून घ्यायचं होतं.

पण त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तिसऱ्या की चौथ्या दिवशी आला. "आपली वस्ती कोणत्या बाजूले आहे?"

"आपली म्हणजे?" प्रज्ञाने विचारलं.

"आपली म्हणजे आपली. गावकुसाच्या बाहेरची."

मिस्त्रींचं बालपण एकोडीजवळच्या एका खेड्यात गेलं. त्यांच्या वडिलांनी तरुणपणीच दीक्षा घेतली होती, घरातले देव तळ्यात सोडले होते, मुलांना शाळेत घातलं होतं. पण वस्ती होती तिथेच राहिली, तळ्याच्या पाळीच्या खाली, गावाच्या एका अंगाला. मिस्त्रींच्या हिशेबी गाव म्हटलं की त्याला दोन बाजू असायच्याच. प्रज्ञा म्हणाली, बाबा, इथं तसं काही नसते. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "गाव आहे ना? मंग असन. रेल्वे लाइनीच्या पलीकडं जाऊन पाह्य."

पुढच्या रविवारी ती लाइन ओलांडून गेली आणि सोमवारी सकाळी फोनवर पहिलं वाक्य बोलली, "आहे बाबा." पलीकडे काळ्या लोकांची वस्ती होती. घरं लाकडाची, जुनी, चर्च वेगळं, रस्ता अर्धाच डांबरी. त्यांचे आजे-पणजे आधी दुसऱ्यांच्या कापसात राबले, मग दुसऱ्यांच्या धानात. हे सगळं कोणत्या पुस्तकात न वाचता तुमसरच्या खाटेवर बसलेल्या एका माणसाने ओळखलं होतं. मी भूगोलात एम.ए. केलेलं आहे. त्या सकाळी माझा चहा निवून गेला.

"मंग तू लाइनीच्या इकडं काय करून राहिली?" मिस्त्री तिला म्हणाले. "तिकडं खोली पाह्य."

प्रज्ञा बापाचं ऐकणारी होती. महिन्याभरात ती रूथबाईंच्या घरी राहायला गेली. रूथबाई सत्तरीच्या, शाळेत स्वयंपाक करून निवृत्त झालेल्या, एकट्या. घर अगदी रुळांना लागून. मग टॅल्बरच्या बातम्यांना खरी चव आली. टपालघरातली बाई सुट्टीवर गेली की इथे कळे. न्हाव्याच्या दुकानाला मंगळवारी सुट्टी असते, हे मला माझ्या गावच्या न्हाव्याच्या सुट्टीपेक्षा पक्कं माहीत झालं. हिवाळ्यात तिथे बांध्यांमध्ये मुद्दाम पाणी भरून ठेवतात आणि बदकं उतरली की बंदुका घेऊन बसतात, हे ऐकून काकूंनी दोन दिवस टॅल्बरशी अबोला धरला. गल्लीतले लोक चेष्टा करत. चहाच्या टपरीवर कोणी विचारी, "काय मिस्त्री, टॅल्बरात आज भाजी कोणती?" मिस्त्री गंभीरपणे सांगत, "आज गुरुवार. रूथबाई कोबीच्या जातीचा कोणतासा पाला शिजवते." विचारणारा आपला चहा उचले, कारण उत्तर खरं असे.

रूथबाईंशी ते स्वतःही बोलत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, रूथबाईंना मराठी. एकाने आपलं पूर्ण बोलून घ्यायचं, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचं, मग दुसऱ्याने बोलायचं, असा त्यांचा करार होता. प्रज्ञा बाजूला बसून हसे आणि भाषांतर करायला साफ नकार देई. पण फोन ठेवल्यावर मिस्त्री आम्हाला सांगत, "गुडघे दुखून राहिले त्याइचे. पावसामुळं." आणि ते बरोबर निघे. रूथबाई फोन घेताना 'जय भीम' म्हणायला शिकल्या. मिस्त्री सकाळी सात वाजता त्यांना 'गुड इव्हनिंग' म्हणत.

एकदा ते माझ्या शाळेत आले, चपला वर्गाबाहेर काढून. जगाच्या नकाशात टॅल्बर दाखवा म्हणाले. मी आर्कान्सा शोधलं, नदी शोधली, टॅल्बर काही सापडलं नाही. मुलांसमोर मी जरा ओशाळलो. मिस्त्रींनीच मला सांभाळून घेतलं. "राहू द्या सर. नकाशात नाही म्हणून गावाले काय फरक पडते?" मग खडू घेऊन त्यांनी फळ्यावर टॅल्बर काढलं. नदी, रूळ, मिल, पाण्याची टाकी, टपालघर, दोन्ही चर्च, रूथबाईंचं घर. घरी येऊन मी फोनवर उपग्रहातून काढलेलं चित्र उघडलं आणि ताडून पाहिलं. टाकीसुद्धा जिथे हवी तिथेच होती.

अशी चार वर्षं गेली. मग एका आषाढात मिस्त्री सकाळी माझ्या ओसरीवर येऊन उभे राहिले. म्हणाले, "सर, गाडी येऊन नाही राहिली."

मला वाटलं तुमसर रोडच्या एखाद्या गाडीबद्दल बोलत आहेत.

"टॅल्बरची. आम्ही बोलतो तेव्हा तिकडची साडेआठची मालगाडी रोज भोंगा देते. तीन दिवस झाले, नाही."

मी म्हटलं, गाडी रद्द झाली असेल, खिडकी लावून घेतली असेल.

"खिडकी लावली तरी घर हालते. रूथबाईचं भांड्याचं कपाट वाजते." त्यांनी बोटाने दारावर हलकं ठोकून दाखवलं. "आणि मांगून एक बारीक आवाज येते. टुक, टुक, टुक. एका लयीत. म्या उभ्या जन्मात इतके यंत्र ऐकले सर, हे कोणत्या मिलचं यंत्र नाही."

चौथ्या दिवशी त्यांनी तिला सरळ म्हटलं. "बेटा, तू घरी नाहीस." मग प्रज्ञाने सांगितलं. रक्ताचा कॅन्सर. दोन महिन्यांपूर्वी कळला होता. आधी घरूनच जाऊन-येऊन उपचार चालले होते, आता मोठ्या शहरातल्या इस्पितळात ठेवलं होतं, टॅल्बरपासून दोन तासांवर. टपालघराला नवा रंग दिला, न्हाव्याच्या कुत्रीला पिल्लं झाली, हे सगळं ती त्या पलंगावरून सांगत होती, रूथबाईंकडून विचारून घेऊन. बापाने विचारावं आणि तिने सांगावं, यात खंड पडू नये म्हणून.

मिस्त्री त्या दिवशी कामावर गेले नाहीत. दुपारी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, मले जा लागते. ते कागदाचं काय असते ते पाहा."

आम्ही कागदाचं पाहिलं. पासपोर्ट प्रज्ञाने मागेच करून ठेवायला लावला होता. इस्पितळाने पत्र पाठवलं, त्यामुळे व्हिसाच्या मुलाखतीची तारीख लवकर मिळाली. काकू म्हणाल्या, "दोघाईचं राहू द्या, एकट्याचं लवकर होईन. तुम्ही जा." व्हिसाच्या मुलाखतीत काय विचारतात, काय सांगायचं, याची तयारी मी करून घेतली. आठ दिवस रोज संध्याकाळी मी खुर्चीवर साहेब होऊन बसे आणि ते समोर हात बांधून उभे राहत. मी त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "मिस्त्री, तुम्ही तिथे कोणावर भार होणार नाही, हे त्यांना पटलं पाहिजे." शहाणपणाने, मास्तरकीच्या थाटात सांगितली. मला आजही त्याची लाज वाटते.

मुलाखतीला मी बरोबर गेलो होतो. मोठं शहर, बाहेर फुटपाथवर माणसांची रांग. मिस्त्री इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात आत गेले आणि पाऊण तासाने हसत बाहेर आले. इतके हसलेले मी त्यांना त्या महिन्यात पाहिले नव्हते. हातात पासपोर्ट आणि एक छापील कागद होता.

"बाईनं बहुत प्रेमानं ऐकलं सर," ते म्हणाले. "दुभाष्या होता. तिनं इचारलं, कुठं जाणार? म्या सगळं टॅल्बर सांगतलं. लाइन, मिल, रूथबाईचं घर. ती म्हणे, तुम्ही याच्या आधी गेले होते काय? म्या म्हटलं, नाही. मंग तिनं इचारलं, तिथं जाऊन काय कराल? म्या म्हटलं, पोरीजवळ बसन. आणि टॅल्बरच्या मिलचं सेपरेटर चार महिने झाले हालून राहिलं, त्याइच्याजवळ मिस्त्री नाही. दोन दिवसांत लावून देईन. भार नाही होणार कोणावर." आणि त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. "हे काय लिवलं आहे?"

कागद इंग्रजीत होता. व्हिसा नाकारला होता. पाहुणा म्हणून जाणाऱ्याने काम करीन असं म्हणायचं नसतं. जाणारा माणूस तिथेच राहून जाईल अशी शंका आली तर परवानगी देत नाहीत. मिस्त्रींनी तर आपण होऊन यंत्र दुरुस्त करायचं कबूल केलं होतं, आणि गावाची माहिती अशी दिली होती की जणू बिऱ्हाड हलवायचंच बाकी आहे. ती बाई तरी काय करणार? तिने कायद्याने जे सांगितलं ते केलं. रस्त्यात उभं राहून तो कागद त्यांना समजावून सांगणं माझ्या वाट्याला आलं.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. तो कागद घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "काम करतो म्हणणं चूक कशी झाली सर? पाहुणा म्हणून गेलं तरी माणूस सांडलेलं पाणी पुसतेच ना."

मी त्यांना सांगितलं की चूक त्यांची नाही, माझी आहे. भार होणार नाही हे पटवायला मीच शिकवलं होतं. मला त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुम्ही बरोबरच सांगतलं. खाली हातानं कोणाच्या घरी जातात काय?" आणि आपल्या डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे केली.

पुन्हा अर्ज केला. या वेळची तारीख भाद्रपदातली मिळाली. मधले दिवस फोनचेच होते. पण आता बोलणं उलटं झालं होतं. प्रज्ञाच्या अंगात बोलण्याचं त्राण राहिलं नव्हतं आणि टॅल्बर तर तिलाही दिसत नव्हतं. तेव्हा मिस्त्री इथून तिला टॅल्बर सांगत. "आता साडेआठ झाले, बेटा. गाडी पुलावर आली असन. आता रूथबाईचं कपाट वाजलं. आज मंगळवार, न्हाव्याचं दुकान बंद. धान निसवलं असन आता, मिलवाले वाळवणीच्या टाक्या झाडून राहिले असन." पलीकडून फक्त हुंकार येई. कधी कधी तोही येत नसे, तरी हे सांगत राहत. ओसरीवर चहा घेऊन बसणं मी सोडून दिलं होतं. आत बसलो तरी ऐकू येईच.

तारखेला नऊ दिवस उरले असताना प्रज्ञा गेली. एकतीस वर्षांची होती.

रूथबाईंचा फोन आला तेव्हा भाषांतर मीच केलं. त्या विचारत होत्या, तिला घरी पाठवायचं का? वेळ लागेल, पण पाठवू. मिस्त्रींनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी डोळ्यांना पदर लावला होता. मिस्त्री म्हणाले, "सर, त्याइले सांगा, आमच्यात जाळतातही आणि मातीही देतात. पोरीले आता एकटीले पेटीत घालून इतक्या लांब नका पाठवू. तिथं ती आपल्या लोकाईत आहे. तुमच्या माणसाईजवळ जागा द्या." मी इंग्रजीत सांगितलं. रूथबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं, आणि त्यांना 'हो' म्हणायला वेळ लागला, कारण त्या रडत होत्या.

त्यानंतर मिस्त्री दोन वर्षं जगले. मिलमध्ये जात, यंत्रांना काठी लावत, नेमकं निदान करत. दर रविवारी रूथबाईंशी बोलत, आपलं बोलून झालं की ऐकत. टपरीवर त्यांना टॅल्बरची भाजी कोणी विचारली नाही. मग एका थंडीत दोन दिवसांच्या तापाने गेले. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की हे सगळं आठवतं, पण पुन्हा पुन्हा मी येऊन थांबतो ते त्या एका संध्याकाळपाशी, प्रज्ञाला नेलं त्या.

तिकडे सकाळ होती. इकडे दिवेलागण होऊन गेली होती. मिस्त्रींच्या घरात आम्ही तिघंच आत बसलो होतो, बाकी गल्ली अंगणात. प्रार्थना झाल्यावर रूथबाई गाडीत बसल्या आणि त्यांनी फोन खिडकीशी धरला, बाहेरचं दिसावं म्हणून. गाडी त्यांनी मुद्दाम गावातून फिरवून घ्यायला सांगितली होती. मिस्त्रींनी टॅल्बर पाहावं म्हणून, हे मला लगेच समजलं. आणि मिस्त्री काकूंना सांगू लागले, हळू आवाजात, एकेक.

"हे टपालघर. रंग नवा आहे, पाह्य. हे न्हाव्याचं दुकान. ती टाकी. आता डाव्या हाताले मिल येईन." मिल आली. फाटकाशी प्रज्ञासोबत काम करणारी माणसं टोप्या काढून उभी होती. "आता रूळ लागन, गाडी हळू होईन." गाडी हळू झाली, रूळ ओलांडले. "हे आपल्याकडचं चर्च. हे रूथबाईचं घर. ती वरची खिडकी प्रज्ञाची." काकू फोनवरून बोट फिरवत होत्या, तिच्या खिडकीवरून. एक वळण चुकलं नाही, एक घर चुकलं नाही.

मग घरं संपली. गाडी दफनभूमीकडच्या मातीच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना पिकलेलं धान, नजर जाईल तिथपर्यंत.

काकूंनी विचारलं, "आता हे कुठी आलो?"

मिस्त्रींनी फोन जवळ घेतला, डोळ्यांपाशी नेला, पुन्हा लांब धरला. "मले नाही माहीत," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जणू मी त्यांची परीक्षा घेत होतो अशा आवाजात म्हणाले, "चार वर्षं रोज इचारलं सर. गावातलं सगळं इचारलं. हा रस्ता नाही इचारला."

काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "पोरीले हा रस्ता कोणता बाप इचारते?"

तो रस्ता धानामधून बराच वेळ सरळ चालला होता, आणि मिस्त्री तो आमच्यासारखाच, कधी न पाहिलेल्या गावाचा रस्ता पाहावा तसा पाहत होते.